त्यात माणूस नसतो, तरी

“त्यात माणूस तर नसतो. मग सामानाच्या रॉकेटसाठी सकाळी सकाळी मोबाइल घेऊन का बसतेस?” हे आई विचारते, ऑफिसातले विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून एका उड्डाणाबद्दल सांगते.

ऑक्टोबर 2020. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वॉलॉप्सच्या तळावर अँटारीस रॉकेट उभं होतं, त्याच्या टोकाला सिग्नस हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सामान नेणारं मालवाहू यान. नॉर्थ्रॉप ग्रमन कंपनी प्रत्येक सिग्नसला कुणाचं तरी नाव देते. या यानाचं नाव होतं ‘एस. एस. कल्पना चावला’.

गांधी जयंतीच्या सकाळी मी बसले. उलटी गणती 2 मिनिटं 40 सेकंदांवर आली आणि थांबली. जमिनीवरच्या यंत्रणेत काहीतरी अडलं होतं. उड्डाण एक दिवस पुढे गेलं, पण घड्याळातली वेळ मात्र वीसेक मिनिटं अलीकडे आली! पृथ्वी फिरता फिरता तळ स्थानकाच्या कक्षेखाली येतो, तेव्हाच निघावं लागतं. ती कक्षाही रोज थोडी पश्चिमेला सरकते, म्हणून वेळ रोज बदलते.

3 तारखेला 6 वाजून 46 मिनिटांनी ते उडालं. तिकडे रात्र होती. याच तळावरून 2014 मध्ये निघालेलं अँटारीस काही सेकंदांतच खाली कोसळलं होतं, तेव्हापासून यानाचे सौर पंख उघडल्याशिवाय मी जागची हलत नाही.

आत सुमारे 3,600 किलो सामान होतं. त्यात नव्या पद्धतीचं शौचालय आणि मुळ्याचं बी! मुळ्याचं वाचून मला फार आनंद झाला. वर माणसं राहतात, आणि त्यांना लागणारं बहुतेक सगळं खालूनच न्यावं लागतं. माणूस नसलेलं हे यान माणसांसाठीच जातं.

5 ऑक्टोबरला दुपारी स्थानकावरचे अंतराळवीर क्रिस कॅसिडी यांनी स्थानकाच्या यांत्रिक हाताने ते यान अलगद पकडलं. कल्पना 1997 आणि 2003 अशी दोनदा अंतराळात गेली, पण या स्थानकावर तिचं पाऊल कधी पडलं नाही. दुसऱ्या वेळी तर ती परतलीच नाही. तिचं नाव तिथे पोचलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

नोव्हेंबरअखेर वर मुळे काढले. जानेवारीत कचरा भरून यान सुटलं आणि 26 तारखेला, ठरल्याप्रमाणेच, वातावरणात जळून गेलं. सिग्नस परत येण्यासाठी बनवलेलंच नसतं, हे मला माहीत होतं. तरी ती बातमी वाचवेना.

फेब्रुवारीत पुढचं सिग्नस निघालं, गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांच्या नावाचं. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. आई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “यात काय पाठवलंय गं?”