तुम्ही विचारलंत म्हणून: चाळ, वाद आणि पूर्वपक्ष

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला एकांत लागतो, मग लालबागच्या चाळीत, सामाईक गॅलरीच्या गलक्यात तुमचे वाचन होते तरी कसे, असे मला वरचेवर विचारले जाते. वाचनापुरता एकांत रात्री अकरानंतर मिळतो. पण विचार करणे हे एकट्याचे काम आहे, असे या प्रश्नात जे गृहीत धरलेले असते, तेच मला मान्य नाही.

पण म्हणून चाळीचे गोडवेही मी गाणार नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण देता न आलेले भाषण डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतः छापले. नुसते जवळजवळ राहिल्याने माणसांचा समाज होत नाही, त्यासाठी सामाईक कृतीत सहभाग लागतो, असे त्यात त्यांनी बजावले आहे. हा विचार कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांचा. आंबेडकरांच्या हाती त्याला धार आली, कारण एकाच गावात राहून पाणवठे वेगळे ठेवणारा समाज त्यांच्यासमोर होता. (आमच्या चाळीतही कोण कोणाच्या घरचे पाणी पीत नसे, हे जुन्या भाडेकरूंना ठाऊक आहे.)

तर्काचा विचार करणाऱ्या न्यायदर्शन या प्राचीन भारतीय दर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य ठरवण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडून काढणारी वितंडा. पुनर्विकासाच्या आमच्या सभा बहुधा जल्पाने सुरू होऊन वितंडेवर संपतात. गेल्या सभेत तळमजल्यावरचे निवृत्त गिरणीकामगार काका "टॉवर नको" एवढेच म्हणत राहिले, तेव्हा टॉवरच्याच बाजूची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "लिफ्ट, पंप, वॉचमन यांचा मेंटेनन्स काकांनी पेन्शनमधून भरायचा का? कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डर देणार त्या ठेवीच्या, व्याजातून तो किती भागेल, हे बिल्डरने कुठे लिहून दिलंय?"

"हेच विचारतोय मी, पोरी," काका म्हणाले.

शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे ज्याला उत्तर द्यायचे ती विरुद्ध बाजू, आधी मांडतात तो असा, प्रतिपक्षालाही आपला वाटेल इतका नेटका. समोरच्याच्या बोलण्यातली कमजोरी हेरण्यापेक्षा त्याचे बळ उघड करावे, असे जर्मन तत्त्वज्ञ गाडामर यांनी १९६० मध्ये लिहिले, ते याहून फार वेगळे नाही. माझ्या खोलीत एकटा बसून मी काकांची बाजू मांडली असती, तर ती पुचाट झाली असती, कारण मला दरमहा पगार मिळतो.

मुलीचे मत बदललेले नाही. मात्र करारनाम्याच्या मसुद्यातले कॉर्पसचे कलम तिनेच लिहिले असून पुढच्या सभेत त्यावर पहिल्यांदा काका बोलणार आहेत.