आधी दातेरी चाक, मग रॉकेट

सोमवार, रात्री उशिरा

काल 'मिस्ट' संपवला, एका निर्जन बेटावर कोडी सोडवत फिरायचा कॉम्प्युटर गेम. जुना, 1993 सालचा, ज्यात आपण मोकळे चालत नाही. चित्रावर क्लिक केलं की पुढचं चित्र येतं. नवी आवृत्ती 2021 मध्ये कॉम्प्युटरवर आली आहे, तिच्यात हवं तसं फिरता येतं, कोड्यांची उत्तरं बदलून मिळण्याची सोयही आहे. तरी मला आधी जुनाच खेळायचा होता. ताईने तो शाळेत असताना खेळला होता आणि इतक्या वर्षांत तिच्या तोंडून त्याच्याबद्दल मी फक्त चीड ऐकली होती.

संपल्यावर झोप येईना, म्हणून लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचत बसले. हे सगळे एकाच गेमबद्दल बोलताहेत असं काही केल्या वाटेना. कोणाला बेटावरची शांतता इतकी भावली की तो नुसता वारा आणि पाणी ऐकायला परत जातो. कोणाला त्याच शांततेचा जीव घुसमटवणारा कंटाळा आला: माणूस नाही, शत्रू नाही, कोणी काही सांगत नाही, मग करायचं काय? 'हा गेम नाही, स्लाइड शो आहे' हे वाक्य तर इतक्या वेळा दिसलं की मोजणं सोडून दिलं.

स्लाइड शो म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. रँड आणि रॉबिन मिलर या दोघा भावांनी आपल्या छोट्या चमूसोबत मॅक कॉम्प्युटरवरच्या हायपरकार्ड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे जग उभं केलं. पत्त्यांच्या गठ्ठ्यासारखं एकेक चित्र, आणि त्यावर क्लिक करायच्या जागा. पण चित्र हलत नाही म्हणूनच डोळा त्यावर थांबतो. ग्रंथालयातला तो भिंतीवरचा नकाशा. नकाशातल्या मनोऱ्यावर माउसचं बटण दाबून धरलं की त्यातून निघालेली रेघ फिरत राहते आणि ठरावीक ठिकाणांवर आली की लाल होते. मी पहिल्या दिवशी बटण लगेच सोडलं आणि रेघ लाल होते हे मला दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी धरून ठेवलं, बघत राहिले, आणि लाल झाल्याबरोबर खुर्चीतून उठलेच. इथे मरण नाही, घड्याळ मागे लागलेलं नाही, सामान गोळा करायची पिशवी नाही. आपण, आपली नजर आणि आपली वही, बस. जुन्या खोक्यात गेमबरोबर एक कोरी वहीसुद्धा यायची. खेळणाऱ्याला वहीची गरज पडणार हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं, हे मला फार आवडतं.

शेवटाबद्दलची तक्रार मात्र मला पटते. (ज्यांना खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) सिरस आणि अकेनार हे दोघे भाऊ लाल आणि निळ्या पुस्तकात अडकलेले. एकेक पान आणून द्यावं तसा त्यांचा खरखरता आवाज स्पष्ट होत जातो, आणि दोघंही दुसऱ्यावर विश्वास ठेवू नकोस म्हणून विनवतात. इतकं सगळं झाल्यावर त्यांचे वडील अट्रस भेटतात, पांढरं पान घेतात, आभार मानतात, आणि आता हवं तिथे फिर म्हणतात. खेळ खलास. बऱ्याच जणांना इथे फसवल्यासारखं वाटलं. मलाही छातीत रिकामं रिकामं वाटलं, आणि मी उगाच बेटाच्या बोटधक्क्यावर जाऊन उभी राहिले.

मंगळवार

आज मतं पुन्हा वाचली, या वेळी वही घेऊन. एक गोष्ट खटकत होती ती शोधायची होती.

बेटावरून चार जगांत जाता येतं. गेममध्ये त्यांना 'एज' म्हणतात. बुडालेलं जहाज, मोठं दातेरी चाक, रॉकेट आणि झाड, या चार जागांतून चार वाटा. कोणती आधी घ्यायची ते सर्वस्वी आपल्यावर. सगळ्यात जास्त शिव्या रॉकेटमधून जाता येणाऱ्या सेलेनिटिक जगाला आहेत, आणि त्यातही शेवटच्या भुलभुलैयाला. जमिनीखाली रुळावरची एक बंद गाडी. खिडकीबाहेर दगडी बोगदा, समोर दिशादर्शक, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे जा. प्रत्येक थांब्यावर एक आवाज होतो. कोणी लिहितो, तासन्‌तास आंधळ्यासारखा चाचपडत राहिलो. कोणी लिहितो, इथेच सोडून दिला. आणि अधूनमधून एखादा लिहितो की भुलभुलैया? तो तर पाच मिनिटांत झाला, काय सुंदर कल्पना होती!

माझाही चटकन झाला होता. का ते आज कळलं.

मी दातेरी चाकातून आधी गेले होते. त्या यांत्रिक जगात पाण्यात उभा असलेला एक किल्ला आहे आणि तो गोल फिरवता येतो. फिरवायची जागा वर, बंद खोलीत. बाहेरचं काहीही दिसत नाही. किल्ला थांबला की एक आवाज येतो, चार दिशांना चार वेगळे आवाज. किल्ला कुठे तोंड करून थांबला ते कानानेच ओळखायचं, मग खाली जाऊन बघायचं की समोर छोटं बेट आलंय की नुसतं पाणी. मी तिथे इतक्या चकरा मारल्या होत्या की ते चार आवाज कानात बसले होते. त्यामुळे रुळावरच्या गाडीत पहिल्याच थांब्यावर तो किणकिणता आवाज आला आणि तोंडून आपोआप 'उत्तर' निघालं. पुढे एका ठिकाणी दोन आवाज पाठोपाठ आले तेव्हा क्षणभर गोंधळले, मग लक्षात आलं, दोन दिशा म्हणजे मधली दिशा.

आणि जो आधी रॉकेटमध्ये चढला? त्याला ते आवाज म्हणजे नुसते आवाज. त्याने किल्ला पाहिलेलाच नाही. शंभर वाटा तपासण्याशिवाय त्याच्या हातात काय उरतं? त्याचा राग खोटा नाही, त्याचं मत चूक नाही. दोघांच्या पुढ्यात वेगवेगळा गेम होता.

वहीत लिहिलं: ताई आधी कुठे गेली होती?

बुधवार

ताईला फोन केला.

"अगं, कोणाला आठवतंय आता," ती म्हणाली. मग थांबली. "रॉकेट. रॉकेट दिसल्यावर दुसरीकडे कोण जाईल?"

मी म्हटलं, ताई, ते आवाज दिशा सांगत होते. ती गप्प. मग म्हणाली, "कुठले आवाज?"

तिने अख्खा भुलभुलैया न ऐकता पार केला होता. स्पीकर बारीक करून. शनिवारी येते म्हणाली, आणि वही शोधून आणते.

शुक्रवार

आज थोडं रॉकेटच्या कोड्याबद्दल, कारण तिथे माझं मत ठाम आहे आणि ते गेमच्या विरुद्ध जातं. रॉकेटच्या एका टोकाला पियानोसारख्या पट्ट्या, दुसऱ्या टोकाला पाच सरकते दांडे. पुस्तकात सापडलेले स्वर इकडे वाजवायचे, ते लक्षात ठेवून तिकडे जायचं आणि दांडे सरकवून तेच स्वर जुळवायचे. ज्याला सूर ओळखू येतो त्याला मजा. ज्याला येत नाही त्याने कितीही विचार केला तरी उपयोग नाही, कारण हा विचाराचा प्रश्नच नाही. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी तर दार सरळ बंद. भुलभुलैयाचा राग मला समजावून सांगता येतो. या रागापुढे माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते देणारही नाही. ही तक्रार रास्त आहे.

'मिस्ट'च्या 60 लाखांहून जास्त प्रती खपल्या, 2002 मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत तोच कॉम्प्युटरवरचा सर्वाधिक खपाचा गेम होता. त्या लाखोंतले कितीजण या दांड्यांपाशी बसून राहिले असतील या विचाराने वाईट वाटतं.

पुढच्या भागाची, 1997 च्या 'रिव्हन'ची मतंही थोडी चाळली. पाच सीडींवर आलेला मोठा गेम, आणि तक्रार उलटी: आता सगळंच एकमेकांत इतकं गुंतलंय की कुठून सुरुवात करावी कळत नाही. पण तिथे एक शाळेची खोली आहे. तिच्यात मुलांना आकडे शिकवायचं खेळणं आहे. फिरवलं की एक चिन्ह येतं आणि टांगलेली बाहुली तितकी घरं खाली, खालच्या अक्राळविक्राळ माशाच्या जबड्याकडे सरकते. दोन-चार वेळा खेळलं की परके आकडे वाचता येऊ लागतात, आणि तिथल्या मुलांना काय भीती घालून वाढवलंय तेही समजतं. शिकवण्याची जागा बघा कुठे ठेवली! भुलभुलैयाचं ज्ञान दुसऱ्या जगातल्या किल्ल्यात होतं आणि तिकडे आधी जा असं सुचवणारं काहीच नव्हतं. इथे ज्याला आकडे हवेत त्याने शाळेत जावं, इतकं सरळ.

शनिवार, मध्यरात्र उलटून गेली

ताईने वही आणली. पानं पिवळी पडली आहेत. मधली चार पानं भुलभुलैयाची: चौकोन, बाण, प्रत्येक चुकीच्या वाटेवर फुली. पेन्सिलने काढलेलं, खोडरबराने खोडलेलं, पुन्हा काढलेलं. एका जागी इतकं खोडलंय की कागदाला भोक पडलंय.

तिला मी आधी किल्ल्यावर नेलं. काही बोलले नाही. तिने किल्ला फिरवला, थांबवला, खाली गेली, वर आली, परत फिरवला. चौथ्या-पाचव्या वेळी खाली न जाताच म्हणाली, "आता पूर्वेला आहे हा." खाली जाऊन बघितलं तर खरंच होता.

मग गाडीत बसलो. हेडफोनचा एक कान तिला, एक मला, मांडीवर तिची वही उघडी. पहिला आवाज. "उत्तर," ती म्हणाली, आणि बोट पानावरच्या पहिल्या बाणावर ठेवलं. बाण उत्तरेलाच होता. दुसरा जुळला. तिसरा जुळला. तिने वाट पूर्ण बरोबर शोधली होती, एकही सूचना न मिळता, नुसत्या फुल्या मारत.

नवव्या थांब्यावर दोन आवाज पाठोपाठ आले. तिने गाडी पुढे नेली नाही. बटण दाबून पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. वहीत बघितलं तर भोक पडलेली जागा तीच होती. तेव्हा तिने चारही मुख्य दिशा धरून पाहिल्या असणार, आणि त्यांतली एकही पुढे जात नव्हती.

"दक्षिण," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि पश्चिम. दोन्ही?"

मी मान हलवली.

तिने गाडी नैर्ऋत्येला वळवली. पुढचा बोगदा उघडला. हेडफोन काढून ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली, मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत दोन आवाजांची नावं लिहिली.