दगडफुलातील रसायने आणि त्यांची जनुके

दगडफूल हे बुरशी आणि शैवालाचे सहजीवन असले, तरी त्यातील बहुतेक वैशिष्ट्यपूर्ण रसायने बुरशीच तयार करते. शैवाल तिला साखर पुरवते. ही रसायने बनवण्याची जनुके गुणसूत्रावर बहुधा एकमेकांना लागून, गटाने आढळतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अ‍ॅट्रानोरिन या दगडफुलातील रसायनामागील तीन जनुके दुसऱ्या, सहज वाढणाऱ्या बुरशीत घालण्यात आली: पहिल्याचे पॉलिकीटाइड सिंथेज हे विकर (एन्झाइम) रेणूचा सांगाडा रचते, दुसऱ्याचे विकर त्यातील एका मिथाइल गटाचे (एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंच्या समूहाचे) ऑक्सिडीकरण करते, तर तिसऱ्याचे नवा मिथाइल गट जोडते. दगडफूल अतिशय सावकाश वाढत असल्याने (काही जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर) ही उसनवारी मला फार मोलाची वाटते. खरी अडचण पुढेच आहे, कारण असे कितीतरी जनुकगट वाचून झाले असले, तरी बहुतेकांतून कोणते रसायन निघते, हे अद्याप जुळवता आलेले नाही.