तुम्ही विचारलंत म्हणून: लिंड्सबर्गच्या जेवणाला मी का जाते

गणपतीत कुणीतरी विचारतंच, "तुम्ही त्या स्वीडिश लोकांच्या जेवणाला एवढ्या लांब का जाता हो? आपलं कोण आहे तिथे?" आम्ही अमेरिकेत कॅन्सस सिटीला राहतो, आणि स्वीडिश लोकांनी वसवलेलं लिंड्सबर्ग गाव तिथून गाडीने तीन तासांवर. तिथे आपलं कोणी नाही, हे खरं. पण प्रसादाचे द्रोण हातात घेऊन उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून जरा बसून लिहिते.

स्वीडनमध्ये 1867 साली थंडी हटलीच नाही आणि पीक गेलं. पुढच्या वर्षी पाऊस नाही, पुन्हा पीक गेलं. त्या दुष्काळानंतर, 1869 मध्ये, ओलोफ ओल्सन नावाचे पाद्री वार्मलँड प्रांतातल्या सुन्नेमू गावची माणसं घेऊन कॅन्ससच्या स्मोकी हिल नदीच्या खोऱ्यात आले. झाडं नाहीत, लाकूड नाही. कितीतरी कुटुंबांनी पहिले हिवाळे जमिनीत खणलेल्या घरांत काढले. 1874 ला टोळधाड आली. तरी 1881 मध्ये त्यांनी बेथनी कॉलेज काढलं. पोटाला पुरतं मिळायच्या आत शिक्षणाची सोय करणारी माणसं मला फार जवळची वाटतात. गाव आजही चार हजारांच्या आतलंच आहे.

आता जेवणाबद्दल. तुम्हाला वाटेल, ही परंपरा त्या पहिल्या लोकांनी सुरू केली असणार. तसं नाही. त्यांच्या घरी हेच रोज शिजत होतं. त्याचा सण कशाला करतील? 'स्वेन्स्क हिल्निंग्सफेस्ट' सुरू झाला 1941 मध्ये, म्हणजे गाव वसल्यावर 72 वर्षांनी. हिल्निंग म्हणजे मानवंदना, पहिल्या वसाहतकारांना दिलेली. कल्पना गावातल्या डॉ. विल्यम होल्वेर्डा यांची, आणि हे आडनाव डच आहे, स्वीडिश नव्हे. तोवर इथल्या स्वीडिश लोकांची चर्चमधली भाषा इंग्रजी होत आली होती, नातवंडांना आजीचं बोलणं अर्धंमुर्धं कळत होतं. भाषा हातातून निसटायला लागली, तेव्हा ताट मांडलं गेलं. माझ्या लेखी या जेवणाचा सगळा इतिहास एवढ्यात आहे.

हल्ली हा सोहळा विषम सालांत, ऑक्टोबरमध्ये असतो. स्मोर्गोसबोर्ड मांडतात. स्मोर्गोस म्हणजे लोणी लावलेला पाव, बोर्ड म्हणजे टेबल. पण त्या टेबलावर मुरवलेला हेरिंग मासा, राय नावाच्या धान्याच्या पिठाचा गोडसर पाव, लिंगनबेरीची आंबट लाल फळं आणि वार्मलँडचं बटाट्याचं सॉसेज असतं. सॉसेजमध्ये मांसाइतकाच कच्चा बटाटा, कांदा आणि कबाबचिनी (ऑलस्पाइस). मांस सगळ्यांना पुरावं म्हणून बटाटा घातलेला. आमटीत पाणी वाढवून पाहुण्याला बसवणाऱ्या घरात मी वाढले, मला हे लगेच कळलं.

पण मला कायमचं बांधून टाकलं ते ओस्तकाका नावाच्या गोड पदार्थाने. पहिल्या वर्षी वाढायला ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या, पट्ट्यापट्ट्यांचा ॲप्रन, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. त्यांनी काचेच्या भांड्यात सुरी फिरवली, वडी उचलली, आणि ती हलली. कडा तांबूस, पोटात पांढरी, सुरीच्या खुणेत पाणी सुटलेलं. मी मराठीतच म्हणाले, "अगंबाई, खरवस!" दूध कोमट करून त्यात थोडं पीठ आणि रेनेट (चीज करताना दूध घट्ट करायला वापरतात ते) घालतात, दही धरतं, वरचं पाणी काढून अंडी, साखर, साय घालून भट्टीत ठेवतात. चीक नाही, वेलची नाही. पण जिभेवर तीच रवाळ, ओलसर वडी. सांगलीला गाय व्यायली की गवळीमामा चीक आणून द्यायचे आणि आजी त्यात गूळ किसायची, ते सगळं त्या हॉलमध्ये माझ्यासमोर आलं.

मी डोळे पुसले, तर बाईंनी न विचारता दुसरी वडी वाढली. मग म्हणाल्या, स्वीडिशमधली एकच गोष्ट मला येते, जेवणाआधीची प्रार्थना. शब्दांचा अर्थ आईने सांगितला होता, आता नीटसा आठवत नाही. त्यांनी ती सबंध म्हणून दाखवली, कुठेही न अडखळता. माझी मुलगी शेजारी बसली होती. तिलाही पंगतीतला श्लोक असाच येतो, अर्थाशिवाय, पण पाठ.

त्या बाई आता नाहीत. त्यांच्या जागी त्यांची नात वाढते. मागच्या खेपेला तिने मला ओळखलं, आणि ताटात आधी ओस्तकाका ठेवला, मग बाकीचं.