पेपर फुकट मिळतो, मग प्रागला कशाला गेलीस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हा प्रश्न काकूपासून कॉलेजच्या ज्युनियर्सपर्यंत सगळेच विचारतात, की पेपर तर आर्काइव्हवर (संशोधकांचे पेपर ठेवायची वेबसाइट) फुकट वाचायला मिळतो, मग कॉन्फरन्सला एवढा खर्च करून जायचं कशाला?

मी जर्मनीत ग्राफ अल्गोरिदमवर पीएचडी करते (ग्राफ म्हणजे ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या कडा). स्टॉक (STOC) ही आमच्या कॉम्प्युटर सायन्सच्या थिअरीवाल्यांची मोठी कॉन्फरन्स, 1969 पासून चालू आहे, आणि 2025 मध्ये ती 23 ते 27 जूनला प्रागमध्ये होती, म्हणजे मला ट्रेनने जाता येण्यासारखी. खरं सांगायचं तर मी एका पेपरसाठी गेले. रान दुआन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा, ग्राफमधली कमीत कमी अंतरं काढण्याच्या नव्या पद्धतीवरचा, त्याला तिथे बेस्ट पेपर अवॉर्डही मिळालं.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला सगळ्यांनी डाइकस्ट्राचा अल्गोरिदम शिकलेला असतो. एका ठिकाणाहून बाकी सगळ्या ठिकाणांची कमीत कमी अंतरं काढायची, दरवेळी जे सगळ्यात जवळ असेल ते उचलायचं आणि पुढे जायचं. त्यात होतं काय, की सगळी ठिकाणं आपोआप अंतराच्या क्रमाने लागतात, म्हणजे नकळत सॉर्टिंग होतं, आणि एन ठिकाणांच्या सॉर्टिंगला एन लॉग एन इतका वेळ लागतोच. फ्रेडमन आणि टार्जन यांनी 1984 मध्ये फिबोनाची हीप (हीप म्हणजे सगळ्यात जवळचं ठिकाण पटकन काढून देणारी रचना) वापरून वेळ एम अधिक एन लॉग एनवर आणला, एम म्हणजे कडांची संख्या, आणि मग चाळीस वर्षं तिथेच अडकलं. या पेपरने दिशा असलेल्या ग्राफसाठी तो एम गुणिले लॉग एनचा दोन-तृतीयांश घात इतका केला, म्हणजे कडा कमी असलेल्या ग्राफवर डाइकस्ट्रा मागे पडला.

आता माझी अडचण. 2024 च्या फॉक्स (FOCS) या आमच्या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये बेस्ट पेपर ठरलेल्यांपैकी एकात सिद्ध केलं होतं की योग्य हीप वापरला तर डाइकस्ट्रा प्रत्येक ग्राफच्या रचनेवर सर्वोत्तमच आहे! मग वर्षभरात तो हरला कसा? मी दोन्ही पेपर वाचले होते, ओळ न ओळ तपासता येत होती, पण डोक्यात बसत नव्हतं. कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका प्राध्यापकांना, ओळख ना पाळख, विचारून टाकलं. ते म्हणाले, तिथे, 2024 च्या पेपरमध्ये, अंतरांचा क्रम मागितलाय, इथे फक्त अंतरं. बस्स. हे पेपरमध्येही आहे हो, पण पेपरला कळत नाही ना मी कुठे अडकलेय ते, माणसाला कळतं.

मग त्यांनी मला उलट विचारलं, क्रम नको असेल तर सीमेवरची, म्हणजे जिथून पुढे जायचंय ती, सगळी ठिकाणं सांभाळायची कशाला? मी गप्प. संध्याकाळी आईचा फोन आला, पालखी नुकतीच पुण्यातून पुढे निघाली होती, ती दिंड्यांचं सांगत होती आणि मला एकदम सापडलं. प्रत्येक वारकरी कुठे पोचला हे विचारत बसायची गरज नाही, ज्यांच्यामागे मोठी दिंडी आहे त्या विणेकऱ्यांवर लक्ष ठेवलं तरी चालतं. पेपरमध्ये तेच केलंय, आधी बेलमन-फोर्डच्या (फेरीफेरीने कडांवरून अंतरं सुधारत जाणारी जुनी पद्धत) थोड्या फेऱ्या चालवायच्या, तेवढ्यात ज्यांची अंतरं पक्की झाली ती झाली, उरलेल्यांपैकी ज्यांच्यामागे ठिकाणांचं निदान ठरावीक आकाराचं झाड लटकलंय तेवढेच पिव्हट म्हणून ठेवायचे, आणि असे पिव्हट फार असूच शकत नाहीत. पुढचं सगळं या थोडक्यांवर.

दुसऱ्या दिवशी ही दिंडी मी त्यांना सांगितली (विणेकरी समजवायला जरा वेळ लागला) आणि ते म्हणाले, दोन दिंड्या एकमेकींत मिसळल्या तर? त्यावर आम्ही दोघं जेवण थंड होईपर्यंत बोलत होतो.

ज्युनियर्सना मात्र मी लगेच युरोपात या असं म्हणणार नाही. आपल्याकडे दर डिसेंबरात एफएसटीटीसीएस (FSTTCS) ही थिअरीची कॉन्फरन्स असते, 1981 पासून, 2019 ला ती आयआयटी बॉम्बेत होती आणि मी तिथे बसले होते. अर्ध्याहून जास्त टॉक कळले नाहीत, पण प्रश्न कसे विचारतात ते तिथे पाहिलं, आणि ते पाहिलं नसतं तर प्रागच्या रांगेत माझं तोंड उघडलं नसतं.

परतीच्या ट्रेनमध्ये ही पिव्हटची युक्ती माझ्या प्रॉब्लेमवर लावून पाहिली, तिसऱ्याच पायरीवर तुटली. का तुटली ते लिहून त्या प्राध्यापकांना पाठवलं, दोन दिवसांत उत्तर आलं, सोबत सहा ठिकाणांचा छोटासा ग्राफ, ज्यावर माझी दुसरी पायरीही चुकते. आता मी त्या सहा ठिकाणांवर बसलेय.