लक्षद्वीपमध्ये राष्ट्रवादी कशी काय?

लग्नात, गाडीत, कुणाच्या घरी चहाला गेलं की हा प्रश्न ठरलेला. मी लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला, दोन वर्षं नोकरीला होते हे कळलं की समुद्राच्या रंगाबद्दल दोन वाक्यं होतात आणि मग कुणीतरी विचारतंच, "अहो, पण तिकडे पवारांच्या पक्षाचा खासदार कसा काय निवडून यायचा?" तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट लिहूनच टाकते.

प्रश्न रास्त आहे. 2019 साली राष्ट्रवादीचे लोकसभेत पाच खासदार होते: बारामती, सातारा, रायगड, शिरूर आणि थेट लक्षद्वीप! त्याआधी 2014 लाही तिथून मोहम्मद फैजल घड्याळावरच आले होते. पवारसाहेब तिथे कधी गावोगाव फिरले असतील, साखर कारखान्यासारखं काही जाळं असेल, असं लोकांना वाटतं. तसं काहीही नाही.

कवरत्तीत माझी घरमालकीण मागच्या पडवीत चुरा मासा, म्हणजे ट्यूना, कापायला बसायची. एकदा मी तिला हाच प्रश्न विचारला. तिने हातातली सुरी उचलली आणि गल्लीतली घरं एकेक करून दाखवायला लागली. हे सय्यदांचं, हे कोयांचं, तेही कोयांचं, कोपऱ्यावरचं सय्यदांचं, पण सून आली ती कोयांकडची. सगळी गल्ली मोजून झाली, तरी तिच्या तोंडून एकाही पक्षाचं नाव आलं नाही. माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या पडवीत मिळालं.

तिथे सय्यद आणि कोया असे दोन गट आहेत. पक्ष त्यांच्यावर नंतर चढले. 1956 साली हा केंद्रशासित प्रदेश झाला, पण पहिली दहा वर्षं तिथला खासदार लोकांनी निवडलेलाच नव्हता, तो राष्ट्रपती नेमायचे. 1967 ला पहिल्यांदा मतदान झालं आणि पी. एम. सय्यद नावाचा पंचविशीतला तरुण अपक्ष म्हणून जिंकला. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले, 1971 ला बिनविरोध आले, 1977 च्या जनता लाटेतही टिकले. 1980 ला तर इंदिरा गांधींच्या विरोधातल्या अर्स काँग्रेसकडून उभे राहिले, तरी निवडून आले आणि मग पुन्हा मूळ काँग्रेसमध्ये परतले. अशा सलग दहा निवडणुका! पाटी बदलत गेली, माणूस तोच.

सय्यदांना ज्यांचा विरोध, ते डॉ. कोया यांच्या मागे उभे राहिले. त्या गटाला दिल्लीत काँग्रेसबाहेरचा कुणीतरी आधार लागायचा, म्हणून तो जनता परिवाराच्या आसऱ्याला गेला. 2004 साली याच गटाचे पी. पूकुन्ही कोया जनता दल युनायटेडच्या तिकिटावर उभे राहिले आणि सय्यदांना त्यांनी हरवलं. फरक फक्त 71 मतांचा. जनता दल युनायटेड तेव्हा भाजपच्या आघाडीत होता आणि हे मतदार जवळपास सगळे मुस्लिम. बाहेरून बघणाऱ्याला हे कोडंच वाटतं, पण माझ्या घरमालकिणीला त्यात नवल वाटण्यासारखं काहीच नव्हतं. पुढच्या निवडणुकीला, 2009 ला, तेच पूकुन्ही कोया घड्याळ घेऊन आले. राष्ट्रवादी तिथे पोहोचली ती अशी. त्या खेपेला सय्यदांचे चिरंजीव हमदुल्ला यांनी त्यांना हरवलं. 2014 ला फैजल 1,535 मतांनी जिंकले, 2019 ला 823 मतांनी.

हे आकडे ऐकून लोक हसतात. आपल्याकडे एवढ्या फरकाने नगरसेवक निवडून येतो म्हणतात. मला ते हसणं लागतं. दहा वस्तीची बेटं, 2011 च्या जनगणनेत 64,473 माणसं. विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही. कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाच्या हातात. दिल्लीत बोलायला एकच माणूस. 2023 च्या जानेवारीत एका खटल्यातल्या शिक्षेमुळे फैजल यांची खासदारकी गेली, पुढे उच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर मार्चअखेर परत मिळाली. मधले दोन महिने या माणसांच्या वतीने लोकसभेत उभं राहणारं कुणीच नव्हतं. मुंबईतला एक खासदार गेला तर बाकीचे पाच असतात. त्यांचं तसं नाही.

म्हणूनच 2021 साली प्रशासकांनी जमीन, गोमांसबंदी, पंचायतीच्या उमेदवाराला दोनच मुलं असले मसुदे काढले, तेव्हा हे दोन्ही गट एका मंचावर आले. पिढ्यानपिढ्या एकमेकांविरुद्ध मतं देणारी घरं एकाच दिवशी उपोषणाला बसली. गटबाजी म्हणजे मागासलेपण असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आता घड्याळाचं पुढे काय झालं ते सांगते. आपल्याकडे पक्ष फुटला, नाव आणि घड्याळ अजितदादांकडे गेलं. फैजल पवारसाहेबांसोबत राहिले आणि 2024 ला तुतारी वाजवणारा माणूस घेऊन उभे राहिले. घड्याळावर दुसरा उमेदवार होता. निकाल लागला: हमदुल्ला सय्यद 25,726, फैजल 23,079 आणि घड्याळ 201. दोन निवडणुका जिंकून देणारं चिन्ह!

निकालानंतर मी घरमालकिणीला फोन केला. तुतारी म्हणजे काय ते तिला अजून नीट कळलं नव्हतं. कुणाला मत दिलं, ते मी विचारलं नाही. कोचीच्या दवाखान्यात जायला जहाजाचं तिकीट मिळत नाहीये, आठवडा झाला, नवीन खासदार काही करतील का, एवढंच ती विचारत होती.