तुम्ही विचारलंत म्हणून: एजंट की थेट बँक?

"ताई, होम लोन एजंटकडून करू की डायरेक्ट बँकेत जाऊ? एक काय ते सांगा."

हा प्रश्न गेल्या चार वर्षांत किती जणांनी विचारला त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. एरवी हिशेब ठेवणं हीच माझी नोकरी, भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. कॅन्टीनमध्ये विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, मावसबहिणीच्या जावेने तर केळवणाला ताटावर बसल्या बसल्या विचारलं. मी दोन्ही करून बसलेय हे सगळ्यांना ठाऊक आहे ना: आधी थेट बँक, मग एजंट, मग पुन्हा थेट बँक. पण मी तोंड उघडलं की समोरच्याला घाई होते. आणि कुणी कुणी वर म्हणतं, "अकाउंट्सला असून तुम्ही कशा काय फसलात हो?"

म्हणून एकदाच लिहून टाकते. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

एजंट आपल्याकडून पैसे घेत नाही; कर्ज वाटलं गेलं की रकमेच्या टक्क्याने त्याचं कमिशन कर्ज देणारी संस्था देते, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनही "आपल्याला फुकटच आहे ना" म्हणून तुम्ही खूश होता. मीही झाले होते. कर्ज नामंजूर झालं तर त्याला काहीच मिळत नाही, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू. म्हणजे फाईल मंजूर व्हावी याची तळमळ माझ्याइतकीच त्यालाही. कुठे मंजूर व्हावी, कितीला मंजूर व्हावी, याची तळमळ मात्र एकट्या माझी.

२०२१ चा ऑक्टोबर. चिंचवडचा रिसेल फ्लॅट, करार ४८ लाखांचा, कर्ज ३८ लाखांचं. दोन लाख विसार दिलेला आणि त्यात अट, साठ दिवसांत व्यवहार झाला नाही तर विसार गेला. विकणारे काका मुलीकडे बंगळूरला कायमचे निघालेले, त्यांनाही थांबायचं नव्हतं. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर होता. ज्या सरकारी बँकेत चौदा वर्षं माझा पगार जमा होत होता तिचा दर ६.८. एजंटची गरजच काय, असं मी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

शाखेतल्या साहेबांनी चहा पाजला, फाईल घेतली, ती कर्ज विभागाच्या वेगळ्या ऑफिसात पाठवली, आणि मग सामसूम. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे." एकेचाळिसाव्या दिवशी रजा टाकून मी त्या ऑफिसात जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं, वकिलाची क्वेरी येऊन तीन आठवडे झालेत. १९९६ च्या पहिल्या करारनाम्याची मूळ नोंदणी पावती फ्लॅटच्या मालकीच्या कागदांच्या चेनमध्ये नाही. "शाखेने सांगितलं नाही तुम्हाला?" शाखा म्हणाली, आम्हालाच कुठे कळवलं त्यांनी. दोघांपैकी कुणाचाही आवाज चढलेला नव्हता. मला त्याचाच जास्त राग आला.

उरले एकोणीस दिवस.

एजंटचा नंबर सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिला. रात्री नऊला हेल्मेट काखेत मारून आला. क्वेरीचा कागद वाचून म्हणाला, "एवढंच होय?" दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला. दुय्यम निबंधक कार्यालयातून कराराची प्रमाणित प्रत आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, काढला. पावती गहाळ झाल्याची नोंद करायला काकांना स्कूटरवर मागे बसवून चौकीत घेऊन गेला. वर्तमानपत्रात सात दिवसांच्या मुदतीची जाहीर नोटीस, मग प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढे काही नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी. फाईल लावली एका हाउसिंग फायनान्स कंपनीत, दर ८.१. बँकेतच का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, एकोणीस दिवसांत बँक नाही करणार." ते खरं होतं. त्याने त्याच आठवड्यात माझी फाईल चार ठिकाणी लॉगिन केली होती, म्हणजे चार ठिकाणी अर्ज टाकला होता, हेही खरं. नंतर सिबिलचा, म्हणजे माझ्या कर्जांच्या नोंदींचा, रिपोर्ट काढला तेव्हा चौघांच्या चार एन्क्वायऱ्या एकाखाली एक दिसल्या.

आता तो शनिवार. लोकांना मी तो दोन वाक्यांत सांगते, आज सांगतेच सगळं.

सतराव्या दिवशी सह्यांना बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, एसी बंद, टेबलापलीकडे चोवीस-पंचवीसची मुलगी. तिने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवलेल्या. एजंट शेजारी उभा राहून पानं उलटत होता, बोट जिभेला लावून, आणि मी फुली दिसली की सही ठोकत होते. तारखेच्या जागा रिकाम्या. "त्या आम्ही टाकू." पंचवीसएक सह्या झाल्यावर माझी सही माझीच वाटेना.

मग एक पान आलं, कागद जरा जाड, वरती रंगीत पट्टी. विम्याचा फॉर्म. एकरकमी प्रीमियम १,३८,०००. तिथेही तशीच पेन्सिलची फुली.

मी पेन खाली ठेवलं. "हे काय?"

"कंपल्सरी असतं मॅडम."

"नसतं," मी म्हटलं.

मुलगी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "सिस्टीममध्ये त्याशिवाय पुढेच जात नाही."

एजंट वाकून हळू आवाजात म्हणाला, "कर्जातच ॲड होईल मॅडम. खिशातून एक रुपया द्यायचा नाहीये. आज सही राहिली तर सोमवारी डिस्बर्समेंट नाही."

गृहकर्जाबरोबर विमा घेणं सक्तीचं नाही, हे मला माहीत होतं. ऑफिसात दुसऱ्यांना मीच सांगत आले होते. वाद घालता आला असता, मॅनेजरला बोलवा म्हणता आलं असतं. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. तेवढ्यात आईचा फोन, "झालं का गं?" मी "होतंय" म्हटलं आणि त्या फुलीवर सही केली.

सगळं संपल्यावर मुलीने खोडरबर काढलं आणि पहिल्या पानापासून एकेक फुली खोडत गेली. मग रबराचा चुरा हाताने टेबलावरून झटकला आणि म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स मॅम."

तेव्हा "कशा काय फसलात" याचं उत्तर हे. फसले नाही. बघून, समजून, घाबरून सही केली. याला वेगळा शब्द असेल तर सुचवा.

आणखी एक, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पॉलिसी पटली नाही तर परत करायला तेव्हा पंधरा दिवस मिळायचे, फ्री लुक म्हणतात त्याला. पॉलिसीचं पाकीट वेळेवर आलं होतं. घर हलवण्याच्या धांदलीत ते पोळपाट-लाटण्याच्या खोक्यात गेलं आणि सापडलं तेविसाव्या दिवशी. हा दोष एजंटवर टाकता येत नाही. मी वर्षभर टाकला, ते सोडा.

पुढचं भराभर सांगते. मे २०२२ पासून रेपो चढत गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्के. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, व्याजाची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधावी लागतात. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा पीएलआर, म्हणजे ज्यावरून कर्जाचा दर ठरतो तो मूळ दर, त्या स्वतः ठरवतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. माझा दर १०.१ झाला. हप्ता तोच, ३३,१८४. म्हणून मी निवांत. मार्च एंडला विवरण काढलं तर हप्त्यातलं व्याज ३२,५८१. मुद्दल सहाशे तीन रुपये. कॅल्क्युलेटरवर मुदत काढली, जवळजवळ चाळीस वर्षं येत होती. मी तेव्हा त्रेचाळीसची. इतकी मुदत त्यांनीही चालू दिली नसती, कधी ना कधी हप्ता वाढवलाच असता. पण मी आपलं कॅल्क्युलेटरकडे बघत बसले.

आता तुम्ही म्हणाल, बघा, थेट बँकच बरी. थांबा. बँकेचं ६.८ सुद्धा रेपोबरोबर अडीच टक्के चढून ९.३ झालंच असतं. फरक राहिला असता ०.८ चा. मी अख्खा हिशेब मांडलाय: कर्ज तिथून हलवेपर्यंत जादा गेलेलं व्याज सत्तरएक हजार, विमा एक लाख अडतीस हजार. साधारण दोन लाख. बरोबर विसाराएवढे! विसार वाचवायला मी विसाराइतकेच पैसे घातले, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण घर मिळालं. आणि मधल्या काळात मी गेले असते तर त्या विम्याने आईच्या डोक्यावरचं कर्ज फेडलं असतं, हेही धरायला हवं. ते कुठल्या रकान्यात धरायचं ते मला अजून समजलेलं नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये कर्ज हलवलं. एजंट नको म्हणून दुसऱ्या एका सरकारी बँकेत स्वतः गेले. व्यक्तीला दिलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे तिकडून सुटणं सोपं होतं. पाच आठवडे लागले, दर ८.६ मिळाला. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबरात रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला तसा माझाही उतरला, एक अर्ज न करता. आज ७.३५ आहे. हे मी सगळ्यांना छाती फुगवून सांगते.

जे सांगत नाही ते हे. त्या बँकेतल्या बाईंनी माझी फाईल चाळली. प्रमाणित प्रत, इंडेक्स टू, चौकीतली नोंद, जाहीर नोटिशीचं कात्रण, बाँड, सगळं तारखेनुसार लावलेलं. म्हणाल्या, "मूळ पावती नाहीये, पण फाईल फार व्यवस्थित आहे. कुणी लावली?"

मी म्हटलं, "मीच."

पाच आठवड्यांत थेट बँकेतून काम झालं ते कुणाच्या जिवावर, ते आता तुम्हीच ठरवा. मी तेव्हापासून ठरवतेय.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च मांडलेला कागद, द्यावंच लागतं. त्यात दाखवायच्या, खर्चासकट काढलेल्या वार्षिक टक्केवारीत कर्ज देणाऱ्याने वसूल केलेला विम्याचा खर्चही येतो. आमच्या वेळी असं असतं तर, असं मी परवाच कॅन्टीनमध्ये तावातावाने म्हणत होते. बोलता बोलता वाटलं, असतं तर काय? त्या शनिवारी त्या पानावरही पेन्सिलची फुली असती.

एजंटचा दर दिवाळीला मेसेज येतो, पणती आणि खाली "टॉप-अप हवं असल्यास कळवा." मी उत्तर देत नाही. नंबर ब्लॉकही केलेला नाही. आणि गेल्या वर्षी ज्या चौघांनी मला हा प्रश्न विचारला, त्यातल्या दोघांचे कागद अडकले होते. त्यांना मी त्याचाच नंबर दिलाय.